विश्लेषण : न वाजलेल्या शिट्टीची किंमत किती?

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये (डब्ल्यूएनबीए) प्लेऑफ सुरू झाले की धसमुसळ्या खेळाचा वाद हमखास पेटतो. 2025च्या उपांत्य फेरीत या वादात एका संघाची सर्वोत्तम खेळाडू जायबंदी झाली, तर त्या संघाच्या प्रशिक्षक निलंबित झाल्या. एरवी फाऊल ठरणारा धक्का प्लेऑफमध्ये चालून का जातो आणि त्याचा खेळाडूंच्या कामगिरीवर काय परिणाम होतो?

फिनिक्समध्ये नेमके काय घडले?

26 सप्टेंबर 2025 रोजी मिनेसोटा लिंक्स आणि फिनिक्स मर्क्युरी यांच्यातील तिसरा सामना संपायला 23.8 सेकंद उरले होते. मर्क्युरीच्या अलिसा थॉमसने लिंक्सच्या नफीसा कॉलियरकडून चेंडू हिसकावला. त्यात दोघींचे पाय भिडले, कॉलियर कोसळली आणि तिच्या डाव्या घोट्याला गंभीर दुखापत झाली. पंचांची शिट्टी वाजली नाही. चिडलेल्या प्रशिक्षक शेरिल रीव्ह थेट मैदानात शिरल्या आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. मर्क्युरीने सामना 84-76 असा जिंकला. मैदानातील वर्तन आणि पंचांवरील जाहीर टीका यांमुळे रीव्ह यांना एका सामन्याचे निलंबन आणि 15 हजार डॉलर दंड झाला. चौथ्या सामन्यात कॉलियर खेळू शकली नाही आणि साखळीत 44 पैकी 34 सामने जिंकलेला लिंक्सचा संघ स्पर्धेबाहेर गेला.

थॉमसने आधी चेंडूला हात लावला होता, त्यामुळे हा फाऊल नव्हताच, असे मानणारेही बरेच आहेत. थॉमस स्वतः दोन्ही खांद्यांच्या कूर्चांना (लॅब्रम) इजा असताना वर्षानुवर्षे खेळते आहे. तिची चेंडू टाकण्याची विचित्र ढब त्यातूनच आली आहे. तिला खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण खरा प्रश्न त्या एका झटापटीपुरता नाही. कॉलियरला संपूर्ण सामन्यात एकही फ्री थ्रो मिळाला नाही, हाही रीव्ह यांचा आक्षेप होता.

प्लेऑफमध्येच धक्के का वाढतात?

कबड्डीत पकड हाच खेळ असतो. बास्केटबॉलचे तसे नाही. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये लिहिलेल्या पहिल्या 13 नियमांतच धरणे, ढकलणे आणि खांदा मारणे यांना मनाई होती. व्यवहारात मात्र किती स्पर्श चालेल, हे पंच ठरवतात. प्लेऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर येतो, त्याच्या चाली पाठ होतात आणि बचावपटूला नेमके कुठे अडवायचे हे कळते. कमरेवर हात ठेवणे, पळताना कोपराने वाट अडवणे, उडी मारण्याआधी मांडीने ढकलणे अशा गोष्टी सर्रास होतात. त्यातच निकाल खेळाडूंनी ठरवावा, पंचांनी नाही, हा समज रूढ आहे. तो ऐकायला बरा वाटतो. पण शिट्टी न वाजवणे हाही निर्णयच असतो आणि त्याचा फायदा बहुतेक वेळा अडवणाऱ्याला होतो.

कामगिरीवर परिणाम कसा दिसतो?

2024च्या अंतिम फेरीचा निर्णायक सामना न्यूयॉर्क लिबर्टीने लिंक्सविरुद्ध जादा वेळेत 67-62 असा जिंकला. लिबर्टीची हुकमी नेमबाज सबरीना आयोनेस्क्यू हिचे 19 पैकी 18 फटके चुकले. थकवा आणि दडपण यांचा वाटा त्यात होताच, पण प्रत्येक पावलाला अंगाशी कोणी भिडत असेल, तर शेवटी पायातले बळ जाते आणि लांबचा फटका आखूड पडतो. त्याच सामन्यात 5.2 सेकंद उरले असताना मात्र ब्रिआना स्टुअर्टच्या बाजूने फाऊल दिला गेला. तिने दोन फ्री थ्रो टाकून 60-60 अशी बरोबरी साधली. इतका वेळ झालेले धक्के चालून गेले, मग हाच का नाही, हा लिंक्सचा राग समजण्यासारखा होता.

अर्थात सगळ्याच खेळाडू दबत नाहीत. 2025च्या अंतिम फेरीतील तिसऱ्या सामन्यात लास वेगस एसेसच्या एजा विल्सनने त्याच थॉमससह दोघींच्या हातांवरून 0.3 सेकंद शिल्लक असताना विजयी फटका मारला. त्या दिवशी तिने 34 गुण मिळवले. एसेसने ती फेरी 4-0 अशी जिंकली. मात्र विल्सनची उंची आणि ताकद प्रत्येकीकडे नाही.

दाद मागायची कुठे?

खरी मेख इथे आहे. दिलेल्या फाऊलला प्रशिक्षक आव्हान देऊ शकतात. लिंक्सने 2024 मध्ये ते दिले आणि त्यांना अपयश आले. न दिलेल्या फाऊलला मात्र आव्हानच देता येत नाही. पुरुषांची एनबीए 2015 पासून चुरशीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांतले पंचांचे निर्णय तपासून अहवाल जाहीर करते, त्यात न वाजलेल्या शिट्ट्याही येतात. कॉलियर जखमी झाली तेव्हा महिलांच्या लीगमध्ये ही पद्धत नव्हती. शिवाय एनबीएचे पंच पूर्णवेळ असतात, तर इथले अनेक पंच उरलेल्या वर्षात महाविद्यालयीन सामने सांभाळतात.

स्पर्धेबाहेर पडल्यावर कॉलियरने लीगच्या आयुक्त कॅथी एंगलबर्ट यांच्यावर नाव घेऊन टीका केली आणि पंचगिरीतील सातत्याचा अभाव हा त्यातला प्रमुख मुद्दा होता. रीव्ह यांना झालेला दंड मोठा होता. फिनिक्समधल्या त्या 23.8 सेकंदांच्या क्षणी पंचांना काय दिसले, याचा जाहीर अहवाल मात्र चाहत्यांना वाचायला मिळाला नाही.