स्टेंट की शस्त्रक्रिया? आधी घड्याळ बघा

सीवूड्समधल्या आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी मागच्या महिन्यात रात्री नऊ वाजता घरी आले. वय ६८, प्रकृती ठणठणीत. हातात ‘संपूर्ण शरीर तपासणी’चा जाडजूड अहवाल. मानेच्या डॉपलरमध्ये उजवी कॅरोटिड धमनी ५५ टक्के अरुंद असल्याचे लिहिले होते. ‘‘डॉक्टर, स्टेंट टाकू की ऑपरेशन करू? मुलगा म्हणतो, उद्याच करून टाका.’’

त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या ओपीडीत ५८ वर्षांचे एक रिक्षाचालक रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले होते. निघता निघता त्यांची पत्नी म्हणाली, ‘‘तीन आठवड्यांमागं यांचा उजवा हात एकदम लुळा पडला होता, बोलणंही अडखळत होतं. पण दहा मिनिटांत बरं वाटलं, म्हणून आलो नाही.’’ तपासणीत त्यांच्या डाव्या कॅरोटिडमध्ये ८० टक्के अडथळा निघाला.

घाबरलेल्या माणसाला घाई नव्हती आणि ज्याला घाई करायला हवी होती, तो निर्धास्त होता. स्टेंट की शस्त्रक्रिया, हा प्रश्न मला रुग्ण नेहमी विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा : त्रास झाला आहे का, आणि झाला असेल तर कधी?

मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या मेंदूला रक्त पुरवतात. त्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचतो. खरा धोका नुसत्या अरुंदपणाचा नसतो. तो थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि तिचा कण सुटून मेंदूत जाऊन अडकतो. कण लवकर विरघळला तर हात, वाचा किंवा दृष्टी काही मिनिटांत परत येते. विरघळला नाही तर पक्षाघात होतो. म्हणजे ‘आपोआप बरं झालं’ ही सुटका नसून सूचना असते.

अशा रुग्णांसाठी दोन उपाय आहेत. शस्त्रक्रियेत मानेवर छेद घेऊन, धमनी उघडून थर काढून टाकतात. ही पद्धत १९५०च्या दशकापासून चालत आली आहे. स्टेंटमध्ये बहुधा जांघेतल्या धमनीतून तार वर नेऊन अरुंद जागी जाळी बसवतात. मानेवर छेद नाही आणि रुग्ण लवकर घरी जातो, म्हणून स्टेंट साहजिकच आवडतो.

पण दोन्हींची तुलना काय सांगते? अमेरिका आणि कॅनडातल्या २,५०२ रुग्णांचा ‘क्रेस्ट’ हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण हिशेबात दोन्ही उपाय जवळपास सारखे ठरले. फरक होता तो धोक्याच्या जातीत. उपचारानंतरच्या महिनाभरात स्टेंटच्या गटात ४.१ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला, शस्त्रक्रियेच्या गटात २.३ टक्क्यांना. हृदयविकाराचा झटका मात्र उलट : स्टेंटमध्ये १.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.३ टक्के. सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रियेचे पारडे जड होत गेले. दहा वर्षांनंतरही दोन्ही उपाय सारखेच टिकाऊ दिसले. म्हणून हृदय कमजोर असेल किंवा मानेवर आधी शस्त्रक्रिया अथवा रेडिएशन झाले असेल, तर स्टेंट सोयीचा. वय जास्त असेल किंवा त्रास नुकताच झाला असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया बरी.

आता घड्याळाकडे येऊ. १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, त्रास होऊन गेलेल्या आणि ७० टक्क्यांहून जास्त अडथळा असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्क्यांना. एवढा फायदा वैद्यकात क्वचित दिसतो. पण तो सर्वांत जास्त मिळतो पहिल्या दोन आठवड्यांत. नंतर तो झपाट्याने ओसरतो. आपल्याकडे हे दोन आठवडे कुठे जातात? काही दिवस घरातच, आणि उरलेले आम्हा डॉक्टरांच्या डॉपलरच्या, अँजिओग्राफीच्या, ऑपरेशनच्या तारखांत. हा दोष आमचाही आहे. अशा रुग्णाला पुढची तारीख नव्हे, त्याच आठवड्यातली जागा मिळायला हवी.

ज्यांना कधीच त्रास झालेला नाही, त्यांचे गणित वेगळे. ७० टक्के किंवा जास्त अडथळा असलेल्या अशा लोकांवरच्या ‘क्रेस्ट-२’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्यावर चार वर्षांतल्या पक्षाघातासारख्या घटना ६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आल्या. शस्त्रक्रियेने पडलेला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे स्टेंटचा फायदा आहे. पण नुसत्या औषधांवरही शंभरातले ९४ जण सुखरूप राहिले, हेही तितकेच खरे. ५५ टक्केवाल्यांचा तर इथे प्रश्नच येत नाही. म्हणूनच काहीही त्रास नसलेल्या सरसकट सर्वांच्या मानेचे डॉपलर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून भीती जास्त निघते, फायदा कमी.

शेजाऱ्यांना मी स्टॅटिनची गोळी लिहून दिली, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवायला सांगितली, सिगारेट बंद करायला लावली. रिक्षाचालकांची शस्त्रक्रिया चौथ्या आठवड्यात झाली. ते पुन्हा रिक्षा चालवतात. मधल्या दिवसांत दुसरा झटका आला नाही, हे त्यांचे नशीब. त्यावर कोणी विसंबू नये.

तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, एका डोळ्यापुढे पडदा येणे, यांपैकी काहीही घडले आणि पाच मिनिटांत बरे वाटले, तरी १०८ला फोन करा किंवा त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. उपाय सुचवला गेला, की डॉक्टरांना विचारा : ‘‘तुम्ही वर्षाला असे किती रुग्ण करता आणि त्यांपैकी किती जणांना पक्षाघात होतो किंवा मृत्यू येतो?’’ त्रास होऊन गेलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आणि त्रास नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत असावे, हा जगभर मानला जाणारा निकष आहे. या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.