स्टेरॉइड सोडण्याचेही वेळापत्रक हवे

आमवात, ल्युपस, आतड्यांचे जुनाट दाहक विकार अशा दीर्घकाळच्या आजारांत स्टेरॉइडइतका लवकर गुण देणारे आणि तितकेच बदनाम झालेले दुसरे औषध नसेल. त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात दोन टोकांचे रुग्ण भेटतात. काही जण जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून वर्षानुवर्षे तीच गोळी आणतात. सांधे चालताहेत, मग थांबायचे कशाला? दुसरे काही जण 'अहो, हे स्टेरॉइड आहे' असे कोणी म्हटले, की त्याच दिवशी गोळी बंद करतात. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडचा बेसुमार वापर आणि म्युकरमायकोसिस यांची चर्चा घरोघरी झाली. तेव्हापासून ही भीती आणखी वाढली आहे.

पहिल्या रुग्णाची हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो. दुसरा एखाद्या साध्या तापात कोसळतो. दोघांच्या चिठ्ठ्या मात्र सारख्याच असतात. गोळी किती आणि केव्हा घ्यायची ते लिहिलेले असते. ती कशी कमी करायची आणि कधी थांबवायची, हे कुठेच नसते. माझ्या मते खरी उणीव ही आहे, आणि तिचा दोष रुग्णाला देता येणार नाही.

हा पेच या औषधाइतकाच जुना आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली. काही दिवसांत ती चालू-फिरू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तोवर हेही दिसून आले होते की इंजेक्शन बंद केले की दुखणे परतते आणि चालू ठेवले की शरीर बिघडते.

असे का होते? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर अ‍ॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल तयार करतात. रक्तदाब टिकवणे, साखर राखणे, ताप-अपघाताचा ताण झेलणे ही कामे त्याच्यावर चालतात. शरीराची रोजची ही गरज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी असते. त्याहून जास्त स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ बाहेरून मिळाले, की मेंदूतून या ग्रंथींना येणारा हुकूम थांबतो. काम नसल्याने ग्रंथी सुस्तावतात, आकसतात. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर बाहेरचे कॉर्टिसॉल गेलेले आणि आतले अजून सुरू न झालेले, अशी स्थिती येते. थकवा, मळमळ, उलट्या, उभे राहताच चक्कर, उतरलेला रक्तदाब. वेळेत ओळखले नाही तर जीवही जाऊ शकतो. सुस्तावलेल्या ग्रंथी पूर्ववत व्हायला कधी काही आठवडे, तर कधी वर्षही लागते.

म्हणूनच डोस पायरीपायरीने उतरवायचा. वरच्या पायऱ्या भरभर उतरता येतात: ४० मिलिग्रॅमवरून २० पर्यंत काही आठवड्यांत येता येते. १० च्या खाली मात्र पाय जपून टाकावा लागतो; महिन्याला एक मिलिग्रॅम, इतक्या सावकाश. आजार कोणता, गोळी किती दिवस चालली, मधुमेह आहे का, यावर हा वेग ठरतो. त्यामुळे शेजाऱ्याचे वेळापत्रक आपल्याला चालत नाही.

आणखी एक गोष्ट. स्टेरॉइड सूज दाबते, आजाराची चाल बदलायला दुसरी औषधे लागतात. आमवातात मेथोट्रेक्सेटसारखे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि त्याचा पुरता गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर स्टेरॉइड म्हणजे स्लॅबखालचे सेंटरिंग. काँक्रीट धरण्याआधी ते काढले तर स्लॅब खाली येईल, आणि कधीच काढले नाही तर घरात राहता येणार नाही. रुग्ण हे दुसरे औषध टाळून नुसत्या स्टेरॉइडवर राहिला, तर डोस उतरवण्याचा प्रत्येक प्रयत्न फसतो आणि खापर रुग्णाच्या 'सहनशक्ती'वर फुटते.

डोस कमी करताना अंग दुखणारच. पण त्या दुखण्याचे तीन वेगळे अर्थ असतात. सांधे सुजले, सकाळी तासभर बोटे आखडली, तपासणीत दाह वाढलेला दिसला, तर मूळ आजार उचल खातो आहे. सांध्यांना सूज नाही, पण अंग मोडून येते, उदास वाटते, आणि आठ-दहा दिवसांत ते ओसरते. तर शरीर नव्या डोसला सरावते आहे. उलट्या, चक्कर, गळून जाणे असेल तर ग्रंथी कमी पडताहेत. पहिल्यात उपचार बदलावा लागतो, दुसऱ्यात धीर धरावा लागतो, तिसऱ्यात त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. हे आधी सांगितले नसेल, तर घाबरलेला रुग्ण प्रत्येक वेळी जुन्या डोसकडेच परत जातो.

सगळ्यांची गोळी सुटेलच, असेही नाही. २०२० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आमवात आटोक्यात असलेले, दुसऱ्या प्रभावी औषधावर असलेले २५९ रुग्ण होते. काहींचे ५ मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी एकेक मिलिग्रॅमने उतरवत शून्यावर आणले. बाकीच्यांचे तसेच चालू ठेवले. उतरवलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात राहिला. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ७७ टक्के होते. म्हणजे सावकाश गेले तर बहुतेकांना जमते. ज्यांना जमत नाही त्यांनी कमीत कमी डोसवर, हाडे, डोळे आणि साखर तपासत राहण्यात हार मानण्यासारखे काही नाही.

हे सरकारी व्यवस्थेत शक्य आहे का? आहे, आपण ते करतही आलो आहोत. कुष्ठरोगाच्या काही रुग्णांत नसांना अचानक सूज येते. तिच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात प्रेडनिसोलोनचा क्रमच ठरलेला आहे: ४० मिलिग्रॅम, मग दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १०, ५ आणि बारा आठवड्यांनी बंद, गरजेप्रमाणे तो लांबवतात. सुरू करतानाच शेवट ठरलेला असतो. आमवातात किंवा ल्युपसमध्ये सर्वांना एकच क्रम लावता येणार नाही, पण शेवट आधी ठरवण्याची शिस्त तर उचलता येईल.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, केसपेपरवर स्टेरॉइडसाठी मराठीत तारीखवार कोरा तक्ता छापावा आणि गोळी सुरू करणाऱ्यानेच तो भरावा. दुसरी, औषधाच्या खिडकीवर कमी मिलिग्रॅमच्या गोळ्या ठेवाव्यात. ५ आणि १० च्याच गोळ्या मिळाल्या तर महिन्याला एक मिलिग्रॅम कमी करायचे कसे? तिसरी, खिशात मावेल असे कार्ड द्यावे: 'मी स्टेरॉइडवर आहे. ते अचानक बंद करू नये. आजारपणात व शस्त्रक्रियेत डोस वाढवावा लागतो.' ब्रिटनमध्ये २०२० पासून असे कार्ड देतात. आपल्याकडे त्याला एका पुठ्ठ्याचा खर्च येईल.

तोवर रुग्णांनीही काही पथ्ये पाळावीत. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्या. संपण्याच्या आठवडाभर आधी नवी आणून ठेवा. गावाला जाताना ती सर्वांत आधी पिशवीत टाका. ताप आल्यावर डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर घरी थांबू नका, इंजेक्शन लागते. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेत असाल तर तेही लपवू नका. त्यांत स्टेरॉइड असू शकते, आणि मग त्या पुड्याही एका दिवसात सोडता येत नाहीत.

आणि स्टेरॉइड लिहून दिले जात असेल, तर खुर्चीवरून उठण्याआधी एवढे विचारा: 'डॉक्टर, ही गोळी कमी कधीपासून करायची?' उत्तर 'पुढे बघू' असेही असेल. कधी कधी ते खरेही असते. तरीही पुढची तारीख लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे.