मोत्याची साखळी

"घाबरूं नका हो, आमचा कुत्रा कांहीं करीत नाहीं!" ज्यांच्या घरीं कुत्रा आहे अशा आमच्या वाचकांनीं हें वाक्य कधीं ना कधीं उच्चारलें असेल, व ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं तें खास ऐकलें असेल. आम्हीं तें आजवर शेंकडों वेळां उच्चारलें. गेल्या मार्गशीर्षांत इगतपुरीजवळच्या एका तलावाकांठीं तें शेवटचें उच्चारलें, आणि पुन्हां उच्चारावयाचें नाहीं असें त्याच रात्रीं ठरविलें. तें कां, हें सांगण्यासाठीं या महिन्याचें पान खर्ची घालीत आहों.

इगतपुरी हें नांव आमच्या वडील पिढीला आगगाडीमुळें परिचित. १८६५ सालीं थळ घाटांतून लोहमार्ग वर आला. चढ असा कीं, सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. म्हणून कसाऱ्यास मागून इंजिनें लावून गाडी वर ढकलावी लागे, आणि अजूनही लागते. घाट संपला, गार वारा अंगावर आला, कीं इगतपुरी आली असें समजावें. आतां बहुतेक कुटुंबें मोटारीनें येतात. ५ जून २०२५ रोजीं समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तर सकाळीं सावकाश निघालेली मुंबईकर मंडळी दुपारच्या जेवणास घाटमाथ्यावर हजर होतात. भावली, वैतरणा, आणि कळसूबाईच्या पलीकडे भंडारदरा, या तलावांच्या कांठीं तंबू ठोकून राहण्याची मोठीच आवड अलीकडे उत्पन्न झाली आहे. थंडींत चांदणें पाहावयास जावें, मृगाच्या आधीं काजवे पाहावयास जावें. पूर्वीं अशा वेळीं घरचा कुत्रा शेजाऱ्यांच्या स्वाधीन करीत असत. आतां तोही बरोबर येतो. यांत वावगें कांहींच नाहीं. घरच्या माणसांबरोबर चार दिवस मोकळ्या हवेंत राहावें असें त्यालाही वाटतच असेल.

आम्ही अकरा माणसें होतों आणि बारावा मोत्या. मोत्या हा गांवठी, तांबूस रंगाचा, पांच वर्षांचा. पावसांत भिजत दारांत आलेलें पिल्लूं घरांत घेऊं नये असें प्रथम आमच्या मातोश्रींनींच बजावलें होतें, आणि आज त्याला पहिली पोळी त्यांच्याच हातची लागते. आजवर त्यानें कोणाला चावा घेतला नाहीं, हें खरें आहे. आणि आमच्या गाफीलपणाचें मूळही त्यांतच आहे. तंबूंची व्यवस्था पाहणारा तरुण तिथल्याच एका पाड्यावरचा होता. आम्ही उतरतांच त्यानें दोन गोष्टी सांगितल्या : कुत्रा हातांत धरून ठेवा, आणि रात्रीं त्याला बाहेर बांधूं नका. आम्हीं माना डोलाविल्या. माना अकरा डोलल्या, पण ऐकलें कोणींच नाहीं.

दुपारीं मोत्याची साखळी आमच्या पुतण्याच्या हातांत होती. त्याला चेंडूफळी खेळण्यास बोलावणें आलें, म्हणून त्यानें ती आपल्या काकूच्या हातीं दिली. काकूंना चहाचें आधण ठेवावयाचें होतें. त्यांनीं ती आमच्या धाकट्या बंधूंच्या खुर्चीच्या पायाला अडकविली. बंधु खुर्चींत बसलेले होते, तेव्हां कांहींच बिघडलें नाहीं. पुढें ते चहाचा पेला घेण्यास उठले.

खुर्ची प्लॅस्टिकची, फुलासारखी हलकी. मोत्या दोन पावलें चालला तशी तीही चालली. मागून काय खडखडतें आहे हें पाहण्यास त्यानें मान वळविली आणि जी धूम ठोकली! जों जों तो धांवे तों तों खुर्ची आपटे, आणि जों जों खुर्ची आपटे तों तों तो अधिक धांवे. पहिल्या क्षणीं आम्हांला हंसूं आलें, हें कबूल करण्यास आज लाज वाटते. कारण तो ज्या दिशेनें धांवत होता तिकडे दुसऱ्या एका कुटुंबाचा तंबू होता, तंबूपुढें तीन दगडांची चूल पेटलेली होती, चुलीवर पाणी उकळत होतें, आणि चुलीपलीकडे एक सहासात वर्षांची मुलगी खडे वेंचीत बसली होती. तिनें मोत्याला पाहिलें आणि किंकाळी फोडून ती पळाली. पळाली तीही चुलीच्याच बाजूनें. पाय अडखळून ती पडली तेव्हां तिचें डोकें आणि तें उकळतें पातेलें यांत फार तर दोन वितींचें अंतर होतें. आणि आम्ही दुरून धांवत येतांना मोठ्यानें काय ओरडत होतों? "घाबरूं नका, तो कांहीं करीत नाहीं!"

मुलीचे गुडघे फुटले, यापलीकडे कांहीं झालें नाहीं. तिच्या आजोबांनीं तिला उचलून घेतलें. ते रागावले असते तर बरें झालें असतें. ते शांतपणें म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीं हिला कुत्रा चावला होता. पांच इंजेक्शनें घेतलीं हिनें. आपला कुत्रा कांहीं करीत नाहीं हें आपल्याला ठाऊक. हिला तें कोणीं सांगावयाचें?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

रात्रीं आमच्या तंबूंत चौकशी बसली. साखळी कोणाकडे होती? पुतण्या म्हणाला, काकूला दिली. काकू म्हणाल्या, खुर्चीला लाविली व खुर्चींत माणूस होतें. बंधु म्हणाले, आपल्या खुर्चीला कुत्रा बांधला आहे हें आपणांस कोणीं सांगितलेंच नाहीं. प्रत्येकाचें म्हणणें खरें होतें. एकत्र कुटुंबांत दूध उतूं जातें तें असेंच : "दुधाकडे लक्ष असूं द्या" असें सर्वांना मिळून सांगितलें कीं त्याकडे कोणाचेंच लक्ष राहत नाहीं. मोत्याला पोळी देणारे हात अकरा, त्याला थोपटणारे हात अकरा. मात्र साखळी ही शेवटच्या माणसानें कोणाला तरी दिलेली वस्तु. म्हणून त्या रात्रीं आम्हीं नियम केला तो हाच : प्रवासांत मोत्याची साखळी एका वेळीं एकाच नांवावर असेल. पानें वाढण्याची पाळी लावतात तशी तिचीही पाळी लावावयाची, आणि ज्याची पाळी असेल त्यानें तोंडानें "घेतली" असें म्हटल्याखेरीज पहिल्यानें सोडावयाची नाहीं. हें ऐकण्यास पोरकट वाटेल. पण आगगाडीच्या कारभारांतही एकाचा संदेश दुसऱ्यानें उच्चारून पक्का करण्याची रीत आहे, आणि तेथें तिला कोणी पोरकट म्हणत नाहीं.

पाळी प्रौढ माणसाचीच हवी. दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं साखळी द्यावयाची ती मोठ्या माणसानें दुसऱ्या हातानें धरूनच. कारण वीस किलोंचा कुत्रा खारीमागें सुटला तर मूल फरफटत जातें. साखळी चार हातांहून लांब नसावी. हल्लीं डबींतून सरसर सुटणारी दोरी मिळते, ती मोकळ्या माळावर ठीक. तंबूंच्या दाटींत तिचा उपयोग दुसऱ्यांच्या पायांत गुंतण्यापुरताच. आणि निर्जीव वस्तूला कुत्रा बांधून आपण दूर जाणें, हें तर आमच्या खुर्चीनें आम्हांला पुरतें शिकविलें आहे. मुलांनाही एक शिकवून ठेवावें : अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळूं नये. हात अंगाशीं धरून झाडासारखें उभें राहावें, त्याच्या डोळ्यांत पाहूं नये. पळणाऱ्याच्या मागें लागणें हा कुत्र्याचा स्वभाव आहे, द्वेष नव्हे. परंतु हें शिक्षण आपल्या मुलांना आपण द्यावें. दुसऱ्याच्या घाबरलेल्या मुलाला तें त्या क्षणीं सांगूं जाणें म्हणजे शुद्ध निर्दयपणा.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. कुरुक्षेत्रीं जनमेजयाचें सत्र चाललें असतां तिचें पिल्लूं तेथें गेलें, आणि राजाच्या तिघां बंधूंनीं त्याला बडविलें. सरमा भर यज्ञमंडपांत येऊन विचारते कीं, माझ्या मुलानें हविर्द्रव्याला तोंड लाविलें नाहीं, तिकडे पाहिलें देखील नाहीं, मग त्याला कां मारलें? राजबंधूंना उत्तर देतां येत नाहीं, आणि ती त्यांना शाप देते. ही कथा कुत्र्याच्या बाजूची आहे, व निरपराध प्राण्यावर काठी उगारणाऱ्यांनीं ती अवश्य वाचावी. आम्हांला मात्र त्या रात्रीं तिची दुसरी बाजू दिसली. आपल्या पिल्लानें काय केलें व काय केलें नाहीं, हें सरमेला नक्की ठाऊक होतें, म्हणून ती राजालाही जाब विचारूं शकली. आम्ही कोणत्या तोंडानें विचारणार? (पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव सर्वांना ठाऊक आहेत, पण शेजारच्या तंबूंत नामदेवच उतरले आहेत असें धरून चालणें बरें नव्हे.)

तंबूंच्या शेजाराखेरीज आणखी एक शेजार तेथें असतो, त्याचा शहरी मंडळींना विसर पडतो. या डोंगरांत महादेव कोळी व ठाकर यांचे पाडे आहेत. त्यांच्या शेळ्या तलावाच्या कांठींच चरतात. शेळी ही त्या घरची ठेव असते; औषधपाणी आलें कीं एक विकावयाची. मोकळा कुत्रा "नुसता खेळत" कळपामागें धांवला तरी गाभण शेळी गाभडण्याचें भय असतें, आणि तें नुकसान आपण मोटारींत बसून निघून गेल्यावर दिसून येतें.

त्या तरुणानें सांगितलेली दुसरी गोष्ट रात्रीची. तिचा अर्थ त्यानें दुसऱ्या दिवशीं उलगडून सांगितला. इगतपुरी तालुक्यांत बिबट्याचा वावर नेहमींचा आहे. कळसूबाईच्या पलीकडे अकोले तालुक्यांत डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून तो काय खातो याचा अभ्यास केला आहे. तेथें त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनांत पाळीव प्राण्यांचा वांटा शेंकडा ८७, आणि एकट्या कुत्र्यांचा शेंकडा ३९ आढळला. म्हणजे त्या मुलखांत कुत्रा हेंच बिबट्याचें मुख्य अन्न. दिवसा जी साखळी कुत्र्याचें व लोकांचें रक्षण करते, तीच रात्रीं तंबूच्या खुंटीला बांधिली कीं भक्ष्य पळून जाऊं नये अशी व्यवस्था होते. रात्रीं कुत्रा आंत, माणसांच्या जवळ, आणि शक्य तर मोटारींत किंवा पक्क्या खोलींत ठेवावा. लघुशंकेस बाहेर नेतांना विजेरी आणि दोन माणसें. उष्टें अन्न बाहेर टाकूं नये. त्यानें गांवचीं कुत्रीं जमतात, आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या येतो.

भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांनीं आणखी ध्यानांत ठेवावें कीं रतनवाडी, घाटघर, साम्रद हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. तेथें कुत्रा नेण्यापूर्वीं वनखात्याच्या चौकीवर विचारावें. आमचें मत विचाराल तर नेऊंच नये. २०१८ सालीं गीरमध्यें थोड्या आठवड्यांत वीसाहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांतल्या कित्येकांत डिस्टेंपरचा विषाणु सांपडला. हा मूळचा कुत्र्यांचा म्हणून ओळखला जाणारा रोग. ज्याला आपण घरांत लेकरासारखें वागवितों तो रानांत कोणता आजार सोडून येईल, हें सांगतां येत नाहीं. त्याची लस टोंचून घेतलेली असावी, तशीच रेबीजचीही. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या पिल्लाला देतात व पुढें दर वर्षीं. तिचा दाखला मोटारींत असूं द्यावा. कोणाला दांत किंवा नुसती नखें लागलीं तरी जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं सरकारी रुग्णालय गांठावें. हळद, चुना, तंबाखू यांतलें कांहीं लावूं नये. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगावर उपाय चालत नाहीं.

मुंबईच्या वाचकांना एक गोष्ट हळूच सांगावीशी वाटते. उर्ध्व वैतरणेचें पाणी मुंबईस जातें. ज्या कांठावर आपण मोत्याला सकाळीं मोकळा करतों, तेथला पाऊस तलावांत उतरतो, आणि तलाव आपल्याच नळाला येतो. कागदी पिशवी व लहान खुरपें बरोबर ठेवण्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. भुंकण्याविषयींही थोडें बोलावें : याच इगतपुरींत धम्मगिरीला १९७६ पासून माणसें दहा दहा दिवस मौन पाळून बसत आली आहेत. तलावाकांठीं मौनाची सक्ती नसली तरी शांतता हवी म्हणून आलेलीं माणसें तेथेंही असतात.

कायद्याची भाषा घरांत आणणें आम्हांला आवडत नाहीं, तरी कळून असावें. १८६० च्या दंडसंहितेंत होतें तें कलम भारतीय न्याय संहितेंत २९१ व्या क्रमांकानें आलें आहे व १ जुलै २०२४ पासून लागू आहे. आपल्या ताब्यांतील जनावरापासून माणसाला धोका पोहोंचूं नये अशी दक्षता न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. त्या आजोबांनीं हें कलम उच्चारलें नाहीं. त्यांना तें बहुधा ठाऊक होतें. बोलण्यावरून वकील वाटले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं साखळी आमच्या नांवावर होती. तलावावर धुकें होतें. आम्ही मोत्याला घेऊन त्यांच्या तंबूपासून लांबून, वळसा घालून चाललों होतों. मुलगी बाहेर आली, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या. वीस पावलांवर थांबली.

"नांव काय त्याचें?"

"मोत्या."

"बांधलाय ना?"

आम्हीं साखळीचा हात वर करून दाखविला. तिनें तो नीट पाहून घेतला आणि ती आंत गेली.