राजकीय थरारकथा आणि न्यायबुद्धी

राजकीय थरारकथा हा वाङ्मयप्रकार आमच्या सुशिक्षित घरांत फार वाचला जातो आणि त्याचा विचार मात्र फार थोडा केला जातो. ज्यांना तो रुचत नाही ते नाक मुरडतात. ज्यांना रुचतो ते 'घटकाभर करमणूक, दुसरे काय?' असे म्हणून मोकळे होतात. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसतात; परंतु या कथांचा वाचकाच्या मनावर काही टिकाऊ परिणाम होत नाही, या एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. आमचे भांडण या एकमताशी आहे. आमचे म्हणणे असे की, हा प्रकार जात्या हलका नाही. त्याचा परिणाम खात्रीने होतो. आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इंग्रजीत त्याचे जे उदंड पीक आले आहे, त्यातील बराच मोठा भाग वाचकाची न्यायबुद्धी बोथट करणारा आहे.

प्रथम परिणामाचे पाहू. १९०६ साली विल्यम ल क्यू या ग्रंथकाराची, जर्मनीने इंग्लंडवर केलेल्या स्वारीची कल्पित कथा लंडनच्या 'डेली मेल' पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. ज्या गावांत पत्राचा खप वाढावा अशी मालकांची इच्छा, त्या गावांवरून शत्रूचे सैन्य नेण्यात आले, इतका हा व्यवहार बाजारी होता. पण वाचकांनी तो बाजारी मानला नाही. पुढील दोनतीन वर्षांत इंग्लंडात जो तो आपल्या शेजारच्या जर्मन न्हाव्याकडे आणि वाढप्याकडे हेर म्हणून पाहू लागला, आणि अशा कथांनी तापविलेल्या त्या वातावरणातच १९०९ साली ब्रिटिश सरकारने आपले गुप्तहेर खाते स्थापन केले. करमणूक ही निरुपद्रवी असते असे ज्यांस वाटते त्यांनी या इतिहासाचा विचार करावा.

आता हा प्रकार जात्या हलका का नाही, ते पाहू. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी १९७१ साली निघाली. तिच्यातील मारेकरी ज्यांच्या जिवावर उठला आहे ते जनरल द गॉल १९७० साली आपल्या घरी नैसर्गिक मृत्यूने वारले होते. म्हणजे कट फसणार हे वाचकास पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. हे सामर्थ्य सामान्य नव्हे. त्याहून महत्त्वाचे असे की, मारेकऱ्याचा माग काढणारा क्लोद लबेल हा कोणी अतिमानुष वीर नाही. तो बायकोच्या धाकात वागणारा एक साधा पोलिस अधिकारी आहे. तो परदेशच्या पोलिसांना दूरध्वनी करतो, पारपत्रांचे अर्ज चाळावयास लावतो, आणि या कंटाळवाण्या कारकुनी कामातूनच शत्रूच्या जवळ पोहोचतो. याच कादंबरीत फ्रेंच गुप्त पोलिस एका कैद्याचे अनन्वित हाल करतात हे खरे. पण त्यातून हाती लागते ते तुटक बरळण्यातले एखाददुसरे सूत्र, आणि तो कैदी मरतो. लेखक हे सारे कोरड्या तटस्थपणे सांगतो. त्यावर टाळ्या मागत नाही.

जॉन ल कारेने तर १९६३ सालच्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या कादंबरीत या प्रकाराचा कळस गाठला. तीत ब्रिटिश हेर लीमस याची समजूत अशी की, आपण मुंट या पूर्व जर्मन क्रूरकर्म्याचा नाश करावयास निघालो आहोत. प्रत्यक्षात त्याच्या वरिष्ठांना त्या क्रूरकर्म्याचा बचाव करावयाचा असतो, कारण तो त्यांचाच हस्तक असतो. आणि या व्यवहारात बळी जातो तो फीडलर हा त्यातल्या त्यात प्रामाणिक अधिकारी आणि लिझ ही निष्पाप मुलगी. आपण ज्या राज्यव्यवस्थेला सभ्य म्हणतो ती टिकविण्यासाठी कोणाच्या मानेवर सुरी फिरली, याचा पै-पैचा हिशेब लेखक वाचकापुढे मांडतो. जो प्रकार असा हिशेब मांडू शकतो त्यास हलका कोण म्हणेल?

पण अलीकडच्या कथांनी नेमका हा हिशेबच फाडून टाकला आहे. विन्स फ्लिन या अमेरिकन लेखकाची पहिली कादंबरी 'टर्म लिमिट्स' १९९७ सालची. तीत काही माजी सैनिक भ्रष्ट लोकप्रतिनिधींचे खून पाडतात आणि 'राज्यकारभार सुधारा, नाहीतर आणखी मारू' अशी अध्यक्षांना तंबी देतात. लेखकाची सहानुभूती कोठे आहे याविषयी वाचकास क्षणभरही संशय राहत नाही. इतकेच नव्हे तर त्या मारेकऱ्यांचा म्होरक्या लेखकाच्या पुढील पुस्तकांत मिच रॅप या प्रसिद्ध नायकाचा सन्माननीय साथीदार म्हणून वावरतो. २०१८ साली निघालेल्या जॅक कारच्या 'द टर्मिनल लिस्ट'मध्ये नायक सूड घ्यावयाच्या माणसांची यादीच करतो आणि एकेक नाव खोडीत जातो. कार हा स्वतः आरमाराच्या विशेष दलात होता. त्याच्या हस्तलिखितातील जो मजकूर संरक्षण खात्याने काढावयास लावला, त्या जागी त्याने काळे पट्टे तसेच छापले आहेत. या काळ्या पट्ट्यांचा वाचकावर मोठा पगडा बसतो. बंदुकीचे वर्णन खरे आहे, तेव्हा ती चालविणाऱ्याचा निवाडाही खराच असला पाहिजे, असे त्याला नकळत वाटू लागते. वस्तुतः या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

या कथांचा मुख्य आधार म्हणजे तो सुप्रसिद्ध प्रसंग: शहरात कोठेतरी बॉम्ब ठेवला आहे, घड्याळ चालू आहे, तो ठेवणारा हाती सापडला आहे, आता त्याचे हाल करावे की कायदा पाळावा? ही मांडणी लोकांपुढे ठसठशीतपणे आणण्याचे श्रेय बहुधा ज्याँ लार्तेगी या फ्रेंच लेखकाच्या १९६० सालच्या कादंबरीला दिले जाते; तिला पार्श्वभूमी होती ती अल्जीरियातील युद्धाची. या प्रसंगाची मेख नीट पाहावी. त्यात चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: पकडलेला मनुष्य हाच खरा अपराधी आहे, त्याला बॉम्बचा ठावठिकाणा माहीत आहे, हाल केल्यावर तो खरेच बोलेल, आणि ते ऐकून बॉम्ब निकामी करण्यास वेळ उरेल. कादंबरीत या चारही गोष्टींची हमी लेखक आपल्या पदरची देतो, कारण बॉम्ब त्यानेच ठेवलेला असतो. पोलिस चौकीत ही हमी कोण देणार?

डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने सी.आय.ए.च्या कैद्यांविषयीच्या आपल्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. हाल करून माहिती मिळविण्याचा उपाय परिणामकारक ठरला नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्या खात्याने तो अमान्य केला. परंतु समितीने असेही नमूद केले की, ज्ञात अशा ११९ कैद्यांपैकी किमान २६ जणांना चुकीने डांबण्यात आले होते. कादंबरीतील नायक ११९ वेळा पकडतो आणि ११९ वेळा बरोबर माणसालाच पकडतो. एवढाच काय तो फरक. पण त्या फरकात २६ माणसांचे आयुष्य आहे.

'पण हे सारे कल्पित आहे हे वाचक जाणतो,' असे यावर उत्तर येते. सामान्य वाचकाचे राहू द्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी २००७ साली ओटावा येथील परिषदेत '२४' या दूरचित्रवाणी मालिकेतील नायकाचा दाखला देऊन, अशा माणसाला कोणती ज्यूरी दोषी ठरवील, असा प्रश्न केला होता. ज्यांनी जन्मभर पुरावा तोलण्याचे काम केले त्यांच्या युक्तिवादात जर एक कल्पित मनुष्य साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, तर इतरांची काय कथा?

दुसरा दोष राज्यव्यवस्थेच्या चित्रणाचा. या कथांत कायदेमंडळ म्हणजे अडथळा, कारकून म्हणजे भेकड, वार्ताहर म्हणजे मूर्ख किंवा फितूर. कर्ता पुरुष तेवढा एक. माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जेम्स पॅटरसन यांच्यासह २०१८ साली लिहिलेल्या 'द प्रेसिडेंट इज मिसिंग'मध्ये तर देशाचा अध्यक्षच पहारेकऱ्यांना चुकवून एकटा बाहेर पडतो, आणि त्याच्यावर महाभियोगाची तयारी करणारे प्रतिनिधी त्याच्या वाटेतील काटे ठरतात. ज्या लेखकावर प्रतिनिधिगृहाने १९९८ साली प्रत्यक्षात महाभियोग आणला आणि १९९९ साली सिनेटने ज्याची मुक्तता केली, त्याने रंगविलेले हे चित्र वाचताना वाचकाने थोडे सावध असावे, हे बरे.

कोणी म्हणेल, सर्वांनी ल कारेप्रमाणे उदास होऊन बसावे काय? मुळीच नाही. मिक हेरन या इंग्रज लेखकाची २०१० साली 'स्लो हॉर्सेस'पासून सुरू झालेली मालिका पाहावी. चुका करून अडगळीत पडलेल्या हेरांच्या त्या कथांत हसू आहे, वेग आहे, उत्कंठा आहे. आणि वरिष्ठांच्या लबाडीची किंमत खालच्या माणसाला कशी मोजावी लागते, याची जाणीवही आहे. तेव्हा रंजन आणि न्यायबुद्धी यांचे हाडवैर आहे, ही सबब चालण्यासारखी नाही.

हा सारा वाद परकीयांचा, आम्हांस त्याचे काय, असे मात्र कोणी समजू नये. या कथा आमच्या घरांत इंग्रजीतून आणि मराठी भाषांतरांतून वाचल्या जातात, आणि ज्या मनोवृत्तीस त्या खतपाणी घालतात ती आमच्याकडे आधीच रुजलेली आहे. १९९० नंतरच्या काळात मुंबईत पोलिसांच्या 'चकमकींचा' जो सुळसुळाट झाला, त्यांत गुंतलेल्या अधिकाऱ्यांना सुशिक्षितांनी नायक केले. त्या चकमकींतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २०१४ साली, चकमकीतील प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे, असे नियम घालून द्यावे लागले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका घोर गुन्ह्यातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ साली निष्कर्ष काढला की, त्या आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. गुन्हा घोर होता यात संशय नाही. पण ते चौघे अपराधी होते की नाही हे ठरविणारा खटला आता कधीच उभा राहणार नाही. फुले उधळणाऱ्यांनी ही वृत्ती कादंबऱ्यांतूनच घेतली असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ज्या वाचकाने शेकडो पानांत शेकडो वेळा अशा गोळीला मनोमन दाद दिली आहे, त्याला त्या फुलांत काही वावगे दिसण्याची शक्यता कमी असते.

यावर बंदीचा उपाय आम्हांस मान्य नाही. तरुणांच्या हातून पुस्तक हिसकावून घेणारा शिक्षक आपलेच काम बुडवितो. पण घरात अशी कादंबरी वाचून झाली म्हणजे वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी मिळून तिला एक प्रश्न विचारावा: नायकाने येथे कायदा मोडला, त्याचा अंदाज चुकला असता तर त्याची किंमत कोणी मोजली असती, आणि लेखकाने त्या माणसाला एक पान तरी दिले आहे काय? ज्या पुस्तकात ते पान सापडेल ते खुशाल दुसऱ्यांदा वाचावे. जेथे ते सापडणार नाही तेथे लेखकाने ते का गाळले असावे, याचा विचार सुज्ञ वाचकांनी आपल्याशी करावा, एवढीच विनंती.