कणगी रिकामी झाली की मुकादम दारात येतो

पाडवा झाला. कारखान्यांचे पट्टे पडले आणि टोळ्या परत येऊ लागल्या. वडवणीच्या रस्त्याला रोज एखादी ट्रक दिसते, वर भांडीकुंडी, कोंबड्या, कोयते आणि झोपलेली लेकरं. जी घरं यंदा उसाला गेली नाहीत, गायरानावर शाळू पेरून मागं राहिली, त्यांच्या खळ्यावर आता ज्वारी पडली आहे. कुणाची चार पोती, कुणाची सात. दरवेळी आम्ही या पानावर सातबारा, दंडाच्या पावत्या आणि मोर्चाचं लिहितो. यावेळी ज्वारीच्या साठवणीचं लिहितो. जमिनीचा लढा सोडून हे काय काढलं, असं कुणी म्हणेल. त्यानं आधी हा हिशेब बघावा.

पाच माणसांच्या घराला दिवसाला अडीच किलो ज्वारी धरा. महिन्याला पाऊण क्विंटल होते. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत सहा महिने, म्हणजे साडेचार पोती. ज्याला पाच पोती पिकली त्याचं घर दसऱ्यापर्यंत निभावलं पाहिजे. पण निभावत नाही. दोन पोती खळ्यावरूनच उधारीत जातात, तीही पडत्या भावानं. उरलेल्यात पावसाळा लागला की सोंडे होतात, खालून घूस लागते, वरून पत्रा गळतो. श्रावणात बाई कणगीच्या तळाला हात घालते तर हाताला पीठ आणि किडे लागतात. आपणच पिकवलेली ज्वारी मग आपण बाजारातून चढ्या भावानं आणतो, नाहीतर सवाई-दिडीनं उसनी आणतो.

मुकादमाला हे पक्कं माहीत असतं. तो उचल घेऊन शिमग्याला येत नाही. चुली थंड पडायला लागल्या की येतो. एकदा उचल घेतली की दसऱ्यानंतर नवरा-बायकोचा कोयता जुंपला. कोयता फडात गेला की गायरान पड राहतं. रान पड राहिलं की पीकपेऱ्यात पड लागते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं दलित-आदिवासी भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची शेतीची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरलं. पण कचेरीत गेलं की पहिला प्रश्न हाच, ताब्याचा पुरावा काय? वर्षानुवर्षं पेरलेलं रान हाच आपला पुरावा. कणगीत सोंडा लागतो आणि त्याची झळ शेवटी जमिनीला लागते, ती अशी.

आता कुणी म्हणतं, आदिवासी मागासलेला, त्याला साठवण कळत नाही. हे खोटं आहे. शेणामातीनं सारवलेली कणगी, डाळीला एरंडेल, बियाण्याला राख, दाण्यात कडुनिंबाचा वाळला पाला, हे आपल्या आयांनीच आपल्याला शिकवलं. न साठवायची कारणं दुसरी आहेत. पारध्याचं घर उद्या राहील का, याचा भरोसा नाही. गायरानावरचं पाल एका रात्रीत मोडलं जातं, जाळलं जातं. तिथं भरलेली कोठी कोण ठेवील? इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. आमच्यातल्या एका घरी झडती झाली तेव्हा तीन पोती मातीत ओतली आणि विचारलं, "एवढी ज्वारी कुठून आणली?" रानात पिकवली, हे उत्तर कुणाला पटलं नाही. ज्याच्या घरचं धान्यच त्याच्याविरुद्ध पुरावा होतं, तो आलेलं लवकर विकून मोकळा होतो. यात अडाणीपणा कुठं आहे?

मागं एका खात्याची माणसं कोठ्या दाखवायला आली होती. भाषण झालं, पत्रकं वाटली. सवलतीची कोठी सातबारावाल्याला मिळाली. ती पत्रकं आपल्या लेकरांच्या वह्यांना कव्हर म्हणून लागली. मग वस्तीवर साठवण सुधारली कशी? आमच्या एका मावशीनं गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा ड्रम आणला, घासून वाळवला आणि मावेल तेवढी ज्वारी त्यात भरली. बाकीची ज्वारी नेहमीसारखी कणगीत ठेवली. सगळी ड्रममधे घातली नाही, कारण पाच पोतीवाल्याला जुगार परवडत नाही. नागपंचमीला तिनं दोन्ही उघडली. शेजारच्या बायांनी मूठ मूठ घेतली, वास घेतला, दाताखाली फोडून बघितलं. पुढच्या सालात सहा घरी ड्रम आले. भाषणानं जे झालं नाही ते शेजारणीच्या ओसरीवर झालं. गडीमाणसांनी ध्यानात घ्यावं, घरातला दाणा बाई सांभाळते, तर कोठीच्या पैशाचा निर्णयही तिला विचारूनच व्हावा.

ज्यांना यंदा करायचं आहे त्यांनी एवढं पाळावं. ज्वारी कडक वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. शंका असेल तर कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि थोडं कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात ओल आहे, अजून ऊन द्या. उन्हातून काढून तापलेली ज्वारी लगेच भरू नका, आत घाम सुटतो. सावलीत निवू द्या. जुन्या पोत्यात मागच्या सालचे किडे असतात, ती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवा. सोंडा दाण्याच्या आत अंडं घालतो, तो डोळ्याला दिसतो तोवर आतून दाणा पोखरलेला असतो. कोठी काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, सारखी उघडू नका. रोजच्या खाण्याचं वेगळं काढून ठेवा. कोठी भुईवर टेकवू नका, दगडावर किंवा फळीवर ठेवा. खरिपाची हायब्रीड पावसात सापडलेली असेल तर ती आधी खा, शाळू मागं ठेवा. पत्रा परवडत नसेल तर दिल्लीच्या पुसा संस्थेनं काढलेली मातीची कोठी आहे, कच्च्या विटांच्या दोन थरांमधे प्लास्टिकचा कागद घालतात. हात आपले, माती आपली.

दोन गोष्टी मात्र कुणी करू नका. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी धान्याला वापरू नका. आणि दुकानात मिळणाऱ्या धुरीच्या गोळ्या झोपायच्या घरात लावू नका. त्या वायूनं माणूस मरतो.

नुसत्या कोठीनं सगळं होईल असं आम्ही सांगत नाही. ज्याला दोनच पोती पिकली त्याला ड्रमचा काय उपयोग? म्हणून तीन गोष्टी येत्या बैठकीत ठरवू.

पहिली, खळ्यावरच माप लिहायचं. वस्तीची एक वही करू. कुणाचं रान, किती पोती, दोन साक्षीदारांच्या सह्या-अंगठे. उद्या कुणी विचारलं, ज्वारी कुठून आणली, तर वही दाखवू. रान कोण कसतं हेही त्याच वहीत दिसेल. वही आणि दंडाच्या पावत्या उंदराला मिळणार नाहीत अशा डब्यात ठेवू.

दुसरी, ज्याला जमेल त्यानं दोन पायली वस्तीच्या सामाईक कोठीत टाकायच्या. अडलेल्या घराला त्यातून उसनं द्यायचं. दहा पायली नेल्या तर सुगीला अकरा आणायच्या. सावकाराच्या दिडीपेक्षा हे बरं.

तिसरी, आषाढ-श्रावणात नमुना ४ भरून रोजगार हमीचं काम मागायचं, एकट्यानं नाही, सगळ्या वस्तीनं मिळून. हमीचा कायदा १९७७ सालचा आहे. काम मागणं हा हक्क आहे.

पावसाळ्यात मुकादम येईलच. त्याला बसायला देऊ, पाणी देऊ. यंदा उचल नको, असं किती घरं त्याला सांगतील ते आज खळ्यावर ठरतंय. ज्वारी अजून तिथंच पडली आहे. विकायच्या आधी बैठकीला या, आणि येताना घरच्या बाईला सोबत आणा.