बिल्टीवरचा शेरा आणि ड्रायव्हरचा पगार

गुहागर, अंजनवेल, धोपावे या पट्ट्यातील कापड व्यापाऱ्याचा माल दोन वाटांनी येतो. इचलकरंजीचा माल कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येतो आणि भिवंडी-मालेगावचा माल मुंबई-गोवा महामार्गाने. दोन्ही वाटांवर घाट आहेत, पावसाळा चार महिन्यांचा आहे. गाठी उतरल्या की आपण पोत पाहतो, पन्हा पाहतो, भावाचा हिशेब करतो. माल आणणाऱ्याला काय मिळाले हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ती आता पाडावी असे आम्हाला वाटते, कारण गाडीवर बसलेला मुलगा पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

पूर्वी ड्रायव्हर होण्याचा मार्ग एकच होता. मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. टायर बदलणे, ताडपत्री ओढणे, रस्सी आवळणे, उस्तादाचा चहा आणणे यात दोन-चार वर्षे जात. स्टेअरिंग हाती मिळे ते उस्तादाची मर्जी असेल तेव्हा, तेही रिकाम्या गाडीचे. कोकण किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना ही रीत परकी नव्हती. जहाजावर सारंगाच्या हाताखाली शिकणेही असेच होते. या शिक्षणाला फी नव्हती, तसा धड पगारही नव्हता. उस्ताद चांगला असेल तर हुनर मिळे, नसेल तर त्याच्या खोडी मिळत. डिझेल वाचवायला घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. शागीर्दही मग तेच करतो.

आता बड्या ट्रान्सपोर्ट कंपन्या स्वतः मुले घेऊन शिकवतात. अंजनवेलचा एक तरुण अशाच एका कंपनीत आहे. चिपळूण-गुहागर मार्गावर छोटा टेम्पो चालवत होता. आठवीच्या आत शाळा सुटलेली. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी आठवी पासची अट होती, ती २०१९ साली केंद्र सरकारने काढली, तेव्हा त्याचा रस्ता मोकळा झाला. बाकीच्या अटी आजही आहेत : वय वीस पूर्ण हवे आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्षाचा हवा. लोटे परशुरामच्या कारखान्यांची रसायने नेणाऱ्या टँकरवर बसायचे तर धोकादायक मालाचे तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. आपल्या मुलांना ही नोंद माहीतच नसते.

त्या तरुणाला कंपनीने तीन आठवडे वर्गात आणि मैदानावर शिकवले, नंतर महिनाभर जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवले. शिक्षण चांगले होते, हे तो स्वतः सांगतो आणि आम्हीही मान्य करतो. निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून टायर, दिवे, हवेचा दाब पाहणे; ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा; ब्रेकवर सतत पाय ठेवला तर लायनर तापून ब्रेक लागेनासा होतो; डुलकी आली तर चहा हा इलाज नव्हे, झोप हाच इलाज. उस्तादाकडे चार वर्षांत जे नशिबाने मिळे ते येथे दोन महिन्यांत रीतसर मिळाले.

पण कंपनीने त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली. कागद इंग्रजीत. आम्हीही उर्दू शाळेत शिकलो, तेव्हा इंग्रजी कागदापुढे बसलेल्या माणसाची दशा आम्हाला ठाऊक आहे. त्यात लिहिले होते, की वर्षाच्या आत नोकरी सोडली तर शिकवणीचा खर्च भरावा लागेल, आणि डिपॉझिट पगारातून हप्त्याने कापले जाईल. पहिल्या पगाराला त्याला ते कळले. पुढे डिझेलचे ठरलेले अॅव्हरेज न बसल्यास कपात, पोहोचायला उशीर झाल्यास कपात, माल भिजला वा कमी भरला तर कपात. खर्चीसाठी दिलेल्या रकमेतून टायरचे पंक्चर आणि वाटेतली हमाली वजा जाता जेवणाला काय उरते ते त्याने आम्हाला हिशेबाच्या चिठ्ठीवर दाखवले. "चाचा, गाडी शिकवली, पण ही चिठ्ठी वाचायला कोणी शिकवलं नाही," असे तो म्हणाला.

येथे कायदा काय आहे हे कळले पाहिजे. माल गहाळ वा खराब झाला तर व्यापाऱ्याला भरपाई देण्याची जबाबदारी २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने वाहतूकदार कंपनीवर टाकली आहे. कंपनीने ती ड्रायव्हरच्या पगारातून वळती करायची तर १९३६ च्या वेतन कायद्याने अट घातली होती, की नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेले असावे आणि कापण्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे. त्या कायद्याच्या जागी आणलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही हीच अट आहे. ताडपत्री कंपनीने फाटकी दिली आणि कशेडी घाटात पावसाने गाठी भिजल्या, तर त्यात ड्रायव्हरची हलगर्जी कोणती ?

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. ही हलगर्जी सिद्ध होते कशावर ? बिल्टीच्या पोचपावतीवर दुकानदार जो शेरा मारतो त्यावर. काही व्यापारी एक गाठ कोपऱ्यात ओलसर दिसली, की "माल भिजला" असे लिहून मोकळे होतात. हेतू एवढाच, की भाड्यात सूट मागायला आधार व्हावा. सूट मिळते, व्यापारी शेरा विसरतो. तो कागद मात्र भिवंडीच्या डेपोत पोहोचतो आणि तेथे ड्रायव्हरच्या खात्यावर चढतो. ज्याचे खरोखर नुकसान झाले त्याने जरूर मागावे. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत कंपनीला लेखी नोटीस देण्याचा हक्क त्याला आहे. पण खोट्या शेऱ्याने मिळवलेली सूट ही दुसऱ्याच्या मजुरीतून काढलेली रक्कम आहे. हलाल-हरामची चर्चा आपण व्याजावर खूप करतो, बिल्टीवर करत नाही.

गाडी थांबवून ठेवण्याचेही असेच. सकाळी गाडी दारात, गोदाम संध्याकाळी उघडणार, हमाल दुसऱ्या दिवशी. थांबल्याचे हॉल्टिंग कंपनी वसूल करते, किलोमीटरवर पगार घेणाऱ्याचा दिवस मात्र फुकट जातो. २०२५ पासून नव्या ट्रकची केबिन वातानुकूलित हवी असा नियम झाला, ही चांगली गोष्ट. पण बंद इंजिनाच्या गाडीत ती सोय काय कामाची! हा बुडालेला दिवस तो पुढे रात्री गाडी पळवून भरून काढतो. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असे ठरवले होते. वर्गात कंपनीही तेच सांगते. पण रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत "उद्या सकाळी माल पाहिजे" असा फोन गेल्यावर ते तास कोण मोजतो ?

वेगळे करता येते, असे करून पाहणारेही निघाले. रिव्हिगो नावाच्या कंपनीने २०१४ पासून टपालाच्या घोड्यांसारखी रीत चालवली. ड्रायव्हर चार-पाच तास गाडी नेई, ठरल्या ठाण्यावर दुसऱ्याच्या हाती देई आणि परतीची गाडी घेऊन घरी येई. २०२२ साली तिचा एक्स्प्रेस मालवाहतुकीचा व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. महिना-महिना घर न पाहणाऱ्या ड्रायव्हरच्या आई-बायकोला ही रीत किती मोलाची, ते सांगायला नको.

बड्या कंपनीत जाऊ नका, असे आम्ही मुलांना सांगणार नाही. उस्तादाच्या चहापेक्षा ते शिक्षण शंभर पटीने बरे. मात्र सहीपूर्वी कागद कोणाकडून तरी उर्दूत वा मराठीत वाचून घ्या. बाँड किती महिन्यांचा, डिपॉझिट परत केव्हा, अॅव्हरेज भरलेल्या गाडीचे धरतात की रिकाम्या, घाटाच्या मार्गाला सूट आहे काय, एवढे विचारा. मशिदीच्या जमातीत वकील असतात, शिक्षक असतात. जुम्यानंतर अर्धा तास ते या कामाला देऊ शकतात.

दुकानदारांसाठी आमची सूचना साधी आहे. पोचपावतीवर गाडी आल्याची वेळ आणि रिकामी झाल्याची वेळ लिहावी. गाठ भिजली असेल तर किती भिजली आणि ताडपत्री कशी होती तेही लिहावे. त्याखाली ड्रायव्हरची सही घ्यावी आणि त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. कार्बन कागद आपल्या गल्ल्यात असतोच.