'पॅडी'ची जन्मकथा नेमकी कोठून सुरू करावी?

हौशी स्कूबा डायव्हरांना प्रमाणपत्रे देणारी 'पॅडी' ही संस्था आपली जन्मकथा मोठ्या कौतुकाने सांगते. १९६६ साल, अमेरिकेतील इलिनॉय राज्य, जॉन क्रोनिन व राल्फ एरिक्सन हे दोन मित्र, व्हिस्कीची बाटली आणि ३० डॉलर. कथा रंगतदार आहे. माझा आक्षेप तिच्या आरंभाला आहे.

कुस्तो व गान्यां यांचे १९४३ चे ॲक्वालंग पुढे अमेरिकेतील दुकानांत मिळू लागले, पण ते वापरायला शिकवणार कोण? पुढाकार घेतला तो लॉस एंजेलिस काउंटीच्या उद्यान व मनोरंजन विभागाने. होय, बागा आणि क्रीडांगणे सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने! १९५४ मध्ये या विभागाचे अल टिलमन आणि बेव्ह मॉर्गन हे स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत कॉनराड लिंबॉ यांच्याकडे शिकून आले आणि १९५५ मध्ये विभागाने प्रशिक्षक घडवणारा वर्ग सुरू केला. याच टिलमन यांनी नील हेस यांच्यासह १९६० साली 'नाऊई' ही राष्ट्रीय संघटना उभारली. १९६५ मध्ये 'नाऊई'ने शिकागोचा नियोजित प्रशिक्षकवर्ग रद्द केला आणि तेथील असंतोषातून 'पॅडी' जन्मली.

क्रोनिन डायव्हिंग साहित्याचे विक्रेते होते. शिकलेले गिऱ्हाईक वाढले तरच साहित्य खपणार, हा हिशेब त्यांना उमगला नसेल असे मला वाटत नाही. त्यात गैरही काही नाही. मात्र बाटलीपासून आरंभ केला की सुरक्षित डायव्हिंगची शिस्त ही बाजाराचीच देणगी भासू लागते. काउंटीचा तो वर्ग बाटलीच्या ११ वर्षे आधीचा आहे.